यात्रेकरूंचा मुक्काम : जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील तीन क्षेत्रे

तीर्थक्षेत्रांची माहात्म्ये आपल्याकडे विपुल आहेत. देवता कशी प्रकट झाली, तीर्थाला नाव कसे पडले, कोणत्या तिथीस स्नान करावे, हे त्यांत विस्ताराने सांगितलेले असते. परंतु त्या क्षेत्री पोहोचलेल्या माणसाने रात्री पाठ कोठे टेकावी, चूल कोठे मांडावी आणि लेकराबाळांना कोठे निजवावे, याविषयी माहात्म्यकार बहुधा मौन पाळतात. मराठीत या मौनाला एक ठळक अपवाद आहे. महानुभाव पंथीयांच्या ‘स्थानपोथी’त श्रीचक्रधरस्वामींनी जेथे जेथे वास केला त्या जागा नोंदवून ठेवल्या आहेत. दीर्घ मुक्काम झाला ते अवस्थान, एक रात्र काढली ती वसती, घटकाभर बसणे झाले ते आसन, असा भेदही तेथे केलेला आहे. देवळाचे दार कोणत्या दिशेस, ओटा कोठे, झाड कोठे, इतकी ती नोंद बारीक आहे. मुक्कामाची जागा हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, हे मराठी माणसाला इतक्या पूर्वीच उमगले होते असे म्हणावयास हरकत नाही.

महाजन कुटुंबांना हा विषय परका नाही. गोमंतकातील बहुतेक मोठ्या देवस्थानांच्या प्राकारात अग्रशाळा असते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मच्छळामुळे देव जुन्या गावांतून हलवावे लागले. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. देव नदीपलीकडे आणि भक्तांची वस्ती अलीकडे, अशी स्थिती पुष्कळ घराण्यांच्या वाट्याला आली. उत्सवासाठी होडीने नदी ओलांडून येणाऱ्या माणसाला त्याच दिवशी परतणे सोयीचे नव्हते. त्यामुळे अग्रशाळा ही केवळ सोय राहिली नाही. देवाच्या अंगणात आपल्या कुळाला रात्र काढण्याचा हक्क आहे, ही भावना तिच्याशी जोडली गेली. हीच भावना दुसऱ्या प्रदेशांत कोणत्या रूपांनी जगली, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते. त्यासाठी जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील तीन क्षेत्रांचा विचार येथे केला आहे.

जिल्ह्याची घडण

आदिलाबाद हे आज तेलंगण राज्यातील एका जिल्ह्याचे ठाणे आहे. जुन्या मराठी बोलण्यात त्याला एदलाबाद असेही म्हणत. निजामाच्या राज्यात इ. स. १८७२ मध्ये सिरपूर-तांडूर नावाचा उपजिल्हा निर्माण झाला आणि १९०५ मध्ये त्याला पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळून आदिलाबाद हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. दक्षिणेस गोदावरी, उत्तरेस पैनगंगा आणि पुढे वर्धा-प्राणहिता, अशा नद्यांच्या कवेत हा अरण्यमय मुलूख वसलेला आहे. गोंडी, तेलुगू, मराठी, उर्दू आणि कोलामी या भाषा येथे शेजारी-शेजारी नांदल्या. एकाच बाजारात तीन भाषांत भाव करणारा माणूस येथे नवलाचा नव्हता.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्याचे मराठीबहुल भाग वेगळे झाले. किनवट तालुका, आणि त्यासोबत माहूर, नांदेड जिल्ह्यात गेला. राजुरा तालुका प्रथम नांदेडला व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला, २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्यात आला आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल व कुमरम भीम आसिफाबाद असे चार भाग झाले. परिणामी माहूर, बासर आणि केसलापूर ही तीन क्षेत्रे आज दोन राज्यांतील तीन जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. यात्रेकरूंच्या वाटा मात्र या सीमांमुळे मोडल्या नाहीत. बासरला जाणारी मराठवाड्यातील कुटुंबे आणि माहूरला येणारी तेलुगू कुटुंबे आजही तितक्याच सहजतेने सीमा ओलांडतात.

माहूर : जेथे देवच मुक्कामाला येतो

माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक, श्रीरेणुकामातेचे पीठ. रेणुका, दत्त आणि अनसूया यांच्या शिखरांनी या डोंगराळ क्षेत्राची ओळख बनलेली आहे. राजकीय इतिहासातही या गावाचे स्थान मोठे होते. बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान याने प्रांतांची फेररचना केली तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग पाडण्यात आले. एकाचे ठाणे गाविलगड आणि दुसऱ्याचे माहूर. पुढे मोगलांच्या बाजूने लढणारी आणि रायबागन या किताबाने ओळखली जाणारी सावित्रीबाई ही याच माहूरच्या देशमुख घराण्यातील होय. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाच्या फौजेची शिवाजीमहाराजांनी कोंडी केली, तेव्हा ती त्या फौजेत होती.

मुक्कामाच्या दृष्टीने माहूरचे वैशिष्ट्य काही वेगळेच आहे. दत्तसंप्रदायातील श्रद्धेनुसार श्रीदत्तात्रेय प्रातःस्नान काशीस करतात, मध्यान्हीची भिक्षा कोल्हापुरास घेतात आणि निद्रेसाठी मातापुरास, म्हणजे माहुरास येतात. महानुभाव पंथीयही हे निद्रास्थान मानतात आणि माहूरच्या देवदेवेश्वर मंदिराशी त्याचा संबंध जोडतात. अन्य क्षेत्रे देवाच्या जन्मामुळे, पराक्रमामुळे किंवा दर्शनामुळे प्रसिद्ध झाली. माहूरची ख्याती अशी की दिवसभर देशाटन केलेला देव येथे विसावतो. ज्या ठिकाणी देवच मुक्कामी, तेथे मुक्कामाला आपोआप उपासनेचे मोल आले.

साधूंसाठी मठ, संसारी माणसासाठी उपाध्यायाचे घर किंवा देवळाच्या आश्रयाची पडवी, अशी जुन्या यात्रेतील सर्वसाधारण विभागणी असे. यात्रेकरू सोबत शिधा आणि वळकटी बाळगी. सरपण विकत घ्यावे, विहिरीचे पाणी शेंदावे, तीन दगडांची चूल मांडावी आणि देवीचा तांबूल प्रसाद पदरी बांधून निघावे, असा तो साधा क्रम होता. कोणाकडे उतरावे याची निवड अशा यात्रेकरूला फारशी करावी लागत नसे. आजोबा ज्या घरी उतरले त्याच घरी नातू उतरे. नाशिक-त्र्यंबकेश्वरापासून काशीपर्यंत तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून घराण्यांच्या पिढ्या नोंदवल्या गेल्या, त्या याच नात्यातून. आपल्या पूर्वजाची सही पाहून डोळे पाणावलेला माणूस त्या घराला परके कसे म्हणेल?

आज माहूरला येणारा यात्रेकरू किनवट, पुसद किंवा यवतमाळकडून मोटारीने येतो. गावात भक्तनिवास व लॉज आहेत. वृद्धांना बरोबर आणणाऱ्या कुटुंबाने गावातच उतरणे आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी गडाकडे जाणे श्रेयस्कर. नवरात्रात आणि दत्तजयंतीस जागा मिळणे कठीण असते, हे ध्यानी ठेवावे. परंतु बहुसंख्य लोक आता सकाळी येऊन सायंकाळी परततात. देव निद्रेला येतो तेव्हा भक्त वाटेवर असतात, असा हा कालमहिमा आहे.

बासर : नैर्ऋत्येचे विद्याक्षेत्र

जुन्या जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, गोदावरीच्या तीरावर बासर वसले आहे. येथील श्रीज्ञानसरस्वतीचे मंदिर दक्षिणेत सर्वश्रुत आहे. महर्षी व्यासांनी येथे तपश्चर्या केली, प्रतिदिनी नदीतील वाळूच्या तीन मुठी आणून त्यांतून सरस्वती, लक्ष्मी आणि काली यांच्या मूर्ती सिद्ध केल्या, अशी कथा सांगितली जाते. व्यासांचे म्हणून ‘वासर’ आणि मराठीच्या सहवासाने ‘व’चा ‘ब’ होऊन बासर, अशी गावाच्या नावाची लोकप्रिय व्युत्पत्ती आहे. ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो, या सीमेवर दोन भाषा एकमेकींच्या किती निकट होत्या, याची ती साक्ष आहे. मंदिराच्या उभारणीचे श्रेय परंपरा नंदगिरी, म्हणजे नांदेडच्या राजाला देते.

लहान मुलांचे अक्षरारंभ हा येथील मुख्य विधी. मूल देवीसमोर बसते, हाती पाटी येते, पहिले अक्षर गिरवले जाते. वसंतपंचमीस आणि नवरात्रात या विधीसाठी आईबापांची रीघ लागते. हा विधी काही क्षणांचा, परंतु त्यासाठी सारे कुटुंब येते. आजी येते, मामा येतो, कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून बासरचा मुक्काम हा प्रारंभापासून कुटुंबाचा मुक्काम राहिला आहे. दुसरा वर्ग साधकांचा. काही दिवसांचे अनुष्ठान धरून, गावात माधुकरी मागून राहण्याचा प्रघात येथे आहे. एकाला लेकरांसाठी दूध व ऊन पाणी हवे, दुसऱ्याला निजण्यापुरती ओवरी आणि नदीचा घाट पुरे. एकाच क्षेत्री दोन प्रकारचे पाहुणे आणि दोहोंना जागा, हे बासरचे जुने रूप होय.

या रूपाला पहिला मोठा धक्का आगगाडीने दिला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबादहून मनमाडपर्यंत सुरू झाला आणि बासरजवळ गोदावरीवर पूल झाला. ज्या नदीकाठी बैलगाडी सोडून उताराची वाट पाहावी लागे, ती नदी क्षणात ओलांडता येऊ लागली. नांदेड, परभणी, औरंगाबादेकडील मराठी कुटुंबे आणि निजामाबाद, हैदराबादकडील तेलुगू कुटुंबे एकाच फलाटावर उतरू लागली. मुक्काम किती दिवसांचा हे पूर्वी नदी आणि बैल ठरवीत. पुढे ते गाडीचे वेळापत्रक ठरवू लागले.

त्यानंतरच्या काळात देवस्थानच्या खोल्या आल्या, तिरुमला-तिरुपती देवस्थानचे अतिथिगृह झाले, राज्य पर्यटन खात्याचे हॉटेल आले आणि खाजगी लॉजही उभे राहिले. २००८ मध्ये येथे राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाची स्थापना झाल्यावर विद्यार्थ्यांचे पालकही पाहुणे म्हणून येऊ लागले. २०१५ च्या गोदावरी पुष्करात जुलै महिन्यात घाटावर प्रचंड जनसमुदाय लोटला होता. बारा वर्षांनी येणारे हे पर्व आणि नाशिकचा सिंहस्थ दोन्ही गुरूच्या सिंह राशीतील प्रवेशाशी निगडित आहेत. एकाच नदीच्या उगमाजवळ आणि मध्यप्रवाहात एकाच ग्रहयोगाची ही दोन नावे होत.

आज बासरला मुक्काम निवडताना यात्रेकरूने प्रथम आपला हेतू पाहावा. अक्षरारंभासाठी लहान मूल बरोबर असेल तर मंदिरालगत उतरावे. सकाळचा मुहूर्त गाठताना मुलाची झोप पुरी झालेली असावी, हा व्यवहार कोणत्याही सुखसोयीपेक्षा मोलाचा. नदीस्नान आणि जप यांसाठी आलेल्याने पर्वकाळ टाळून साधे दिवस निवडावेत. नांदेड येथील सचखंड गुरुद्वाराचे दर्शन घेऊन पुढे जाणारे अनेक जण नांदेडलाच राहतात आणि बासरला दिवसाची फेरी करतात. त्यात गैर काही नाही. परंतु तिन्हीसांजेला घाटावर दिवे सोडले जातात आणि गर्दी ओसरल्यावर देवळात शांतता येते, ती मुक्काम करणाऱ्यालाच लाभते.

केसलापूर : मुक्काम हाच विधी

तिसरे क्षेत्र आजच्या आदिलाबाद जिल्ह्यातच, इंद्रवेल्ली मंडलात आहे. केसलापूर हे राजगोंडांतील मेसराम कुळाचे नागोबाचे स्थान. पौष अमावास्येला येथे जत्रा भरते. मेसराम कुळाची माणसे तिच्या पुष्कळ आधी घरून निघतात. सिरिकोंडा गावच्या कुंभाराकडून ठरलेली मडकी घेतली जातात. कुळाचे लोक अनवाणी चालत गोदावरीवरील हस्तिनमडुगू या डोहापर्यंत जातात आणि तेथील पवित्र जल घेऊन परततात. परत आल्यावर ते कोणाच्या घरी उतरत नाहीत. केसलापूर येथे त्यांच्यासाठी वडाची झाडे ठरलेली आहेत. त्या वडांखाली कुळाचा तळ पडतो. पौष महिन्याची कडाक्याची थंडी, उघडे आकाश, शेजारी सोडलेल्या बैलगाड्या, आणि शेकोटीभोवती बसून प्रधान गायकांच्या तोंडून ऐकलेली कुळकथा, असा तो मुक्काम असतो.

विशेष असा की शेकडो कुटुंबे जमली तरी स्वयंपाक बावीस चुलींवरच होतो. प्रत्येक शाखेला आपली चूल ठाऊक असते. अमावास्येच्या रात्री महापूजा झाल्यावर कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी आणि वडीलधाऱ्यांशी भेट घडवली जाते. तिला ‘भेटिंग’ म्हणतात. त्यानंतरच ती सून कुळाच्या पूजेची अधिकारी होते. येथे मुक्काम हा दर्शनापूर्वीचा विसावा नाही. झाडाखाली आपली जागा, आपली चूल आणि आपली भेट, यांवरून माणूस कुळाचा ठरतो. महाराष्ट्रातून, छत्तीसगडातून आलेला मेसरामही या तळावर परका राहत नाही.

१९४० मध्ये जोडेघाटच्या परिसरात कुमरम भीम यांचा निजामाच्या पोलिसांशी झालेल्या संघर्षात अंत झाला. गोंडांचा जंगल-जमिनीचा प्रश्न त्यातून निजाम सरकारपुढे उभा राहिला. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी मार्लवाई गावात राहून या समाजाचा अभ्यास केला. जत्रेच्या निमित्ताने सारा समाज एका ठिकाणी मुक्कामी असतो, हे जाणून त्यांनी १९४० च्या दशकात केसलापूर येथे दरबाराची प्रथा सुरू करविली. अधिकाऱ्यांनी तेथे येऊन गाऱ्हाणी ऐकावीत, असा तिचा हेतू होता. कचेरीत जाण्यास बिचकणारा माणूस आपल्या देवाच्या अंगणात निर्भयपणे बोलू शकला. मुक्कामाच्या जागेचे सामर्थ्य असे असते. अलीकडे, २०२२ मध्ये, मेसराम कुळाने आपसांत वर्गणी जमवून नागोबाचे नवे पाषाणमंदिर बांधून पूर्ण केले. मंदिर भव्य झाले, तरी कुळाचा तळ वडाखालीच पडतो, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी.

बाहेरून येणाऱ्याने या जत्रेस जाताना मुक्काम आदिलाबाद किंवा उटनूर येथे करावा. आदिलाबाद तेथून सुमारे ३० किलोमीटर आहे आणि नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गामुळे तेथे पोहोचणे सुलभ आहे. वडाखालची जागा कुळाची आहे. पाहुण्याने तेथे आदराने यावे, पाहावे आणि रात्रीच्या मुक्कामाला आपल्या जागी परतावे. कोठे राहावे हे जसे शिकावे लागते, तसे कोठे राहू नये हेही शिकावे लागते.

तीन क्षेत्रे आणि आपली अग्रशाळा

या तीन क्षेत्रांतून मुक्कामाची तीन तत्त्वे दिसतात. माहूरला मुक्काम ही देवाची संगत आहे. बासरला ती कुटुंबाची आणि साधकाची सोय आहे. केसलापूरला ती कुळाची ओळख आहे. गोमंतकाच्या अग्रशाळेत ही तिन्ही तत्त्वे एकत्र नांदत आली. पालखीच्या रात्री देवाच्या सान्निध्यात जागणे, मुलाबाळांसह चार दिवस राहणे आणि दूरच्या चुलतभावंडांची ओळख होणे, हे सारे एका छपराखाली घडत असे. पोर्तुगीज अमदानीतील १८८६ च्या व त्यानंतरच्या १९३३ च्या मझनी नियमावलींनी महाजनांचे हक्क आणि देवस्थानांचा कारभार लेखी स्वरूपात बांधला. परंतु अग्रशाळेचा प्राण नियमांत नव्हता. तो तेथे येऊन राहणाऱ्या माणसांत होता.

आज प्रश्न निर्माण झाला आहे तो येथेच. मुंबई, पुणे, बेळगाव, कारवार आणि परदेशांत गेलेली कुटुंबे विमानाने येतात, समुद्रकाठच्या हॉटेलात उतरतात, तासाभरात अभिषेक उरकतात आणि निघून जातात. त्यांना दोष देता येत नाही. वृद्ध मातापित्यांना पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय हवे असते, लहानग्यांना डासांपासून रक्षण हवे असते, आणि या गरजा खऱ्या आहेत. परंतु रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांचे दोनच परिणाम संभवतात. एक तर त्या पडीक होतात, नाही तर त्या केवळ भाड्याच्या होतात. दोन्ही प्रसंगी कुळाची चूल विझते. खोली सुधारणे हे खर्चाचे काम असले तरी सोपे आहे. तिला पुन्हा कुळाचा मुक्काम बनविणे मात्र वर्गणीने साधत नाही. त्यासाठी वर्षातून एक रात्र तरी कोणीतरी तेथे झोपावे लागते.

केसलापूरच्या वडाखाली ना पंखा आहे ना पलंग. तरीही दर पौषात ती जागा भरते, कारण तेथे न जाणाऱ्याची चूल दुसरा कोणी पेटवीत नाही. महाजन घराण्यांतील वडीलधाऱ्यांनी उत्सवाच्या निमित्ताने नव्या सुनेला, नव्या जावयाला आणि शाळकरी नातवंडांना बरोबर घेऊन अग्रशाळेत एक रात्र काढावी. पहाटेच्या चौघड्याने त्यांना जाग यावी, तळीवर स्नान व्हावे, आणि शेजारच्या खोलीतून आलेल्या आजीने ‘तू कोणाचा रे?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देता देताच मुलाला आपले कूळ समजते.